पोलीस ठाण्याची पायरी चढताना

समुपदेशक म्हणून माझ्याकडे येणाऱ्या माणसांच्या तोंडून एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येत राहतो. आपल्यावर अन्याय झाला आहे, तक्रार करायला हवी हे कळते, पण पोलीस ठाण्यात जाण्याची हिंमत होत नाही. मग ही भीती अनाठायी म्हणायची का, आणि ती घालवायची कशी? तक्रारीचे निमित्त नवऱ्याची मारहाण असो वा चोरीला गेलेला मोबाइल, भीती साधारण एकाच जातीची असते. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ असे ऐकत वाढलेल्या समाजात कोर्टाच्याही आधी लागते ती ठाण्याची पायरी. या प्रश्नाचे उत्तर मी एका प्रकरणाच्या आधाराने देत आहे. संबंधित बाईंची त्यास संमती आहे आणि त्यांची ओळख पटेल असे तपशील बदललेले आहेत.

तालुक्याच्या गावी राहणाऱ्या, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या या बाईंना त्यांचा मुलगा माझ्याकडे घेऊन आला. काही दिवसांपूर्वी त्यांना एक फोन आला होता. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले आहेत, असे सांगून पुढचे बोलणे व्हिडिओ कॉलवर सुरू झाले. पलीकडे गणवेशातला माणूस होता, त्याच्या मागे भिंतीवर बोधचिन्ह होते. तुम्ही ‘डिजिटल अरेस्ट’मध्ये आहात, कॅमेऱ्यासमोरून उठायचे नाही, मुलाला सांगितलेत तर त्यालाही अटक होईल, असे बजावून त्या माणसाने रात्रभर त्यांना बसवून ठेवले आणि सकाळी बँकेत पाठवून मुदत ठेव मोडायला लावली. भारतीय कायद्यात ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची कोणतीही तरतूद नाही आणि खरे पोलीस व्हिडिओ कॉलवर पैसे मागत नाहीत, हे मुलाला ठाऊक होते. त्याला कळत नव्हते ते एवढेच, की फसवणूक उघडकीस आल्यावरही आई तक्रारीला का तयार होत नाही. ‘पैसे गेले तर गेले, पण मी चौकीत जाणार नाही,’ एवढेच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

अशा वेळी घरचे लोक, आणि कधीकधी समुपदेशकसुद्धा, ‘सगळे पोलीस तसे नसतात’ असे म्हणून मोकळे होतात. ते वाक्य खरे आहे, तरीही पहिल्या भेटीत मी ते जाणीवपूर्वक टाळते, कारण त्यामुळे समोरच्याचे सांगणे तिथेच थांबते. मी बाईंना विचारले, की चौकी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर नेमकी कोणती चौकी येते? बराच वेळ गेल्यावर त्यांनी जे सांगितले, ते मुलानेही पूर्वी कधी ऐकलेले नव्हते.

ऐंशीच्या दशकात, त्यांचे लग्न होण्याआधी, धाकट्या भावाला कारखान्यातल्या चोरीच्या संशयावरून उचलून नेले होते. दोन रात्री तो चौकीत होता. या बाई, तेव्हा विशीतल्या, डबा घेऊन दाराशी उभ्या राहिल्या. तिथल्या अधिकाऱ्याने डबा तर आत जाऊ दिला नाहीच, उलट चारचौघांसमोर त्यांच्याविषयी असे काही बोलला, की ते शब्द त्या आजही उच्चारत नाहीत. भाऊ सुटला, गुन्हा नोंदवला गेला नाही, कागदावर काहीही राहिले नाही. घरी या विषयावर पुन्हा कोणी बोलले नाही. आणि आता इतक्या वर्षांनी फोनवर तोच सूर ऐकू आला. ‘आवाज तसाच होता,’ असे त्या म्हणाल्या, तेव्हा आपल्या आईसारखी शिकलेली बाई फसली कशी, हे मुलाच्या ध्यानात आले. त्या जुन्या अधिकाऱ्याने त्यांच्या मनात जी भीती पेरून ठेवली होती, तिचाच उपयोग या भामट्यांनी केला.

येथे समुपदेशकाने स्पष्ट बोलणे मला आवश्यक वाटते. मी बाईंना सांगितले, की तुमच्या भावाबाबत जे घडले ते तेव्हाही बेकायदा होते. अटक केलेल्या व्यक्तीला २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर केले पाहिजे, हे राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ मध्ये पहिल्यापासून आहे. पुढे १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अटकेचा पंचनामा करावा, त्यावर साक्षीदाराची सही घ्यावी, नातेवाइकांना कळवावे, असे नियम घालून दिले. म्हणजे असे प्रकार सर्रास घडत होते, हे देशातल्या सर्वोच्च न्यायालयानेही जाणले होते. हे ऐकून त्या रडल्या. इतकी वर्षे त्यांना वाटत होते, की आपणच तिथे जायला नको होते.

तरीही भीती रास्त आहे असे मान्य करणे वेगळे आणि तिच्या सांगण्याप्रमाणे वागणे वेगळे. ज्या गोष्टीची भीती वाटते ती टाळली की क्षणभर बरे वाटते, आणि त्या बरे वाटण्यामुळेच भीती अधिक घट्ट होते. शिवाय इथे वेळ हातात नव्हता. अशा गुन्ह्यात पैसे एका खात्यातून दुसऱ्यात झपाट्याने फिरवले जातात, त्यामुळे तक्रार जितकी लवकर होईल तितकी रक्कम रोखली जाण्याची शक्यता अधिक. म्हणून सर्वांत सोपे पाऊल आम्ही आधी उचलले. माझ्या खोलीतूनच, मुलगा शेजारी असताना, बाईंनी स्वतः १९३० या सायबर मदतवाहिनीवर फोन केला. तिथे कोणाच्या समोर उभे राहायचे नव्हते.

ठाण्यातल्या भेटीची तयारी मात्र सावकाश केली. घडलेला प्रकार तारीखवार एका कागदावर लिहून काढायचा, सोबत बँकेचे विवरण आणि फोनवरील संदेशांच्या प्रती जोडायच्या, दोन प्रती न्यायच्या आणि एकीवर पोच घ्यायची, असे ठरले. काय ऐकावे लागेल हेही आम्ही आधीच बोलून घेतले. ‘साहेब नाहीत, उद्या या’ म्हणतील, ‘ही आमची हद्द नाही’ म्हणतील, नुसता अर्ज ठेवून घेतील. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र, म्हणजे पोलिसांना थेट तपास करता येतो अशा, गुन्ह्याची माहिती हद्दीच्या कारणावरून नाकारता येत नाही, एफआयआरची प्रत विनामूल्य द्यावी लागते, आणि नोंद नाकारली तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी दाद मागता येते. कलमे पाठ करून ठाण्यात भांडावे, असा माझा हेतू नव्हता. समोरच्याच्या मर्जीवर सगळे अवलंबून नाही, एवढे त्यांना उमजायला हवे होते. त्याच संहितेनुसार तपासात महिलेला साक्षीदार म्हणून राहत्या घराखेरीज अन्यत्र हजर राहण्याची सक्ती करता येत नाही, हेही मी सांगितले. आश्चर्य म्हणजे जाण्याची सक्ती नाही हे कळल्यावर बाई म्हणाल्या, ‘मग मी जाते.’

भेट आम्हाला हवी होती तशी झाली नाही. ठाणे अंमलदाराच्या टेबलाशी बसलेला एक शिपाई म्हणाला, ‘शिक्षिका होता ना तुम्ही? मग कशा फसलात?’ बाई उठून बाहेर आल्या. मुलगा चिडला होता, पण ठरल्याप्रमाणे त्याने वाद घातला नाही. थोड्या वेळाने दोघे पुन्हा आत गेले आणि महिला उपनिरीक्षकांची भेट मागितली. त्यांनी शांतपणे सगळे ऐकले, मध्ये एकदाही टोकले नाही, जबाब वाचून दाखवला आणि चुकलेली एक तारीख दुरुस्त करून घेतली. एकाच इमारतीत, तासाभराच्या अंतराने, बाईंना दोन्ही प्रकारचे पोलीस भेटले. त्या शिपायाच्या बारा-बारा तासांच्या पाळ्या, बंदोबस्त आणि अपुरे मनुष्यबळ मला ठाऊक आहे, आणि पोलिसांच्या मानसिक आरोग्याकडे फार दुर्लक्ष होते असे माझे मत आहे. पण त्यामुळे फसवल्या गेलेल्या माणसाला हिणवणे क्षम्य ठरत नाही. लोकांचा अविश्वास वर्तमानपत्रातल्या बातम्यांपेक्षा अशा एकेका वाक्याने अधिक वाढतो, असा माझा अनुभव आहे.

पुढच्या भेटीत मी बाईंना विश्वासाबद्दल विचारले नाही. ‘तिथून बाहेर आल्यावर परत आत कशा गेलात?’ एवढेच विचारले. ‘हातात कागद होता आणि त्यावर सगळे खरे लिहिले होते,’ असे त्या म्हणाल्या. घाबरलेल्या माणसाला पोलिसांवर भरवसा ठेवायला मी सांगत नाही. सोबत कोण येणार, काय लिहून न्यायचे, नकार मिळाला तर पुढे कुठे जायचे, हे ठरलेले असेल तर भरवसा नसतानाही तक्रार करता येते. मात्र जुना प्रसंग रात्री-अपरात्री आठवून झोप उडत असेल, छातीत धडधड होत असेल, तर ठाण्यात जाण्याआधी त्यावर स्वतंत्रपणे काम करावे लागते, आणि ते कामही घाईने होत नाही.

बाईंच्या रकमेपैकी थोडा भाग एका खात्यात रोखला गेला असून तो परत मिळावा म्हणून न्यायालयात अर्ज केला आहे. उरलेल्या पैशाचा माग अजून लागलेला नाही. त्या शिपायाच्या बोलण्याबद्दल बाईंनी ठाण्याच्या निरीक्षकांना चार ओळींचे पत्र लिहिले, त्याची पोच घेतली आणि उत्तराची वाट पाहत आहेत. तपासाची चौकशी करायला उपनिरीक्षकांना फोन करायचा असतो, तेव्हा त्या तो स्वतः करतात.