चार डुकरं पाडून कळप संपत नाही

प्रश्न : टेक्ससात बॅस्ट्रॉपजवळ आमची छोटी पेकनची, म्हणजे अक्रोडासारख्या सुक्या मेव्याची बाग आहे. ओढ्याकडून रात्री रानडुकरं येतात आणि झाडांखालची जमीन नांगरल्यासारखी उकरून ठेवतात. शेजारी म्हणतात, "शनिवारी मित्रांना घेऊन येतो. चार-पाच पाडली की परत फिरकणार नाहीत." हो म्हणू का?

उत्तर : या शनिवारी तरी नको म्हणा. शेजाऱ्यांना दुखवू नका, त्यांच्या बंदुकीला पुढे काम आहे.

मी याच राज्यात डुकरांचे सापळे लावते. इथे शिकारीला आडकाठी जवळपास नाहीच. ना हंगाम, ना संख्येची मर्यादा. मालकाची संमती असेल तर खासगी जमिनीवर २०१९ पासून परवानाही लागत नाही. २०११च्या कायद्यानंतर लोक हेलिकॉप्टरमधूनही मारतात. तरी डुकरं हटत नाहीत, कारण मादी साधारण वर्षाची झाली की विऊ लागते आणि एका वेताला चार-सहा पिल्लं देते. टेक्सस ए अँड एम विद्यापीठाच्या कृषी विस्तार सेवेच्या अंदाजानुसार दरवर्षी ६६ टक्के डुकरं काढली तरच संख्या जागच्या जागी राहते. शिकार, सापळे सगळं धरून निघत होती २९ टक्क्यांच्या आसपास.

त्यात शिकाऱ्याची नजर सुळेवाल्या नरावर. नर मेल्याने पिल्लं कमी होत नाहीत. पहिला बार झाला की उरलेल्या माद्या पिल्लांसकट पांगतात, शहाण्या होतात आणि उशिरा रात्री येऊ लागतात.

टेनेसी राज्यात झालं ते मला फार लागतं. तिथे ९५ काउंट्यांपैकी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) मोजक्याच काउंट्यांत डुकरं होती. संख्या आटोक्यात यावी म्हणून १९९९ मध्ये राज्यभर अमर्याद शिकार खुली केली. हौशी लोकांनी आपल्या भागातही शिकार मिळावी म्हणून डुकरं नेऊन सोडली आणि ती ८०च्या आसपास काउंट्यांत पसरली. २०११ मध्ये राज्याला ते धोरण सोडावं लागलं. मिझुरी राज्याने २०१६ मध्ये आपल्या संवर्धन विभागाच्या जमिनींवर डुकरांच्या शिकारीला बंदीच घातली.

तुम्ही जाळीच्या पॅनेलांचा गोल सापळा लावा. कोपरा ठेवू नका, कोपऱ्यात ती एकमेकांवर चढून बाहेर पडतात. दार उघडं ठेवून आत आंबवलेला मका टाका आणि कॅमेरा लावा. पहिल्या रात्री पिल्लं शिरतील, म्हाताऱ्या माद्या बाहेरच घुटमळतील. घाई करू नका. कळपातलं प्रत्येक डुक्कर आत दिसेपर्यंत दार खाली सोडून बंद करायचं नाही, मग आठवडे लागले तरी चालतील. हे मी प्रत्येक बागाईतदाराला हात जोडून सांगते.

सापळ्याला न फसलेल्या एकट्यादुकट्यासाठी शेजाऱ्यांना बोलवा. सोलताना सगळ्यांनी रबरी हातमोजे घाला, या डुकरांत ब्रुसेलोसिस हा माणसालाही लागणारा जिवाणूंचा आजार असतो. मांस पूर्ण शिजवा. नंतर कुणाला ताप रेंगाळला, तर डुक्कर हाताळल्याचं डॉक्टरांना आधी सांगा.