मिठाच्या रस्त्यांवर चालणारी गाडी हिवाळ्यात केव्हा आणि कशी धुवावी

आपण लिहिले आहे की, बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकले जाते अशा प्रदेशात हा आपला पहिलाच हिवाळा आहे आणि कडाक्याच्या थंडीत गाडी धुतल्यास नुकसानच होते, तेव्हा ती थंडी सरल्यावरच धुवावी, असे आपल्याला सांगण्यात आले आहे. या सल्ल्यात थोडे तथ्य आहे. मीही तो माझ्या पहिल्या गाडीच्या बाबतीत तीन हिवाळे इमानेइतबारे पाळला होता. चौथ्या वर्षी चाक बदलण्यासाठी दाराखालच्या पट्टीला नेहमीच्या जागी जॅक लावला, तेव्हा गाडी उचललीच गेली नाही. पत्रा भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा आत दबत गेला आणि जमिनीवर तपकिरी भुगा सांडला. वरचा रंग तोवर अगदी नव्यासारखा चकचकीत होता.

मीठ पाण्याचा गोठणबिंदू खाली आणते. सुमारे २३ टक्के मीठ असलेले द्रावण उणे २१ अंश सेल्सिअसपर्यंत द्रवरूप राहते, त्यामुळे ज्या थंडीत स्वच्छ पाण्याचा दगड होतो, त्या थंडीतही चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, चिकटलेला खारट चिखल ओलाच असतो. त्यातच अनेक ठिकाणी साध्या मिठाबरोबर कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइड वापरतात. साध्या मिठाला हवेतून ओल खेचण्यासाठी सुमारे ७५ टक्के आर्द्रता लागते, तर या दोघांना त्याच्या निम्म्याच्या आसपासही पुरते. म्हणजे वरून कोरडी दिसणारी गाडी खालून आठवडाभर दमट राहू शकते. गंजण्यासाठी लोखंडाला पाणी आणि प्राणवायू एवढे पुरेसे असतात. क्लोराइड त्यात दोन गोष्टींची भर घालते: पाण्याची विद्युतवाहकता वाढवते आणि धातूवरचा संरक्षक ऑक्साइडचा थर फोडते.

आता त्या सल्ल्यातले तथ्य. गंजण्याची क्रिया थंडीत मंदावते आणि उबेत वेग घेते. म्हणून खारट चिखलाने माखलेली गाडी रोज संध्याकाळी उबदार गॅरेजमध्ये आणून ठेवणे हे तिला बाहेर कडक थंडीत उभी ठेवण्यापेक्षा वाईट असते. हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते, पण दोन्ही प्रकारे ठेवलेल्या गाड्यांखाली मी स्वतः डोके घालून पाहिले आहे. अर्थात थंडी कायम राहत नाही. पारा शून्याच्या वर-खाली होऊ लागला की साठलेले सगळे मीठ एकदम कामाला लागते, आणि तोवर आपण ते धुतलेले नसते.

धुण्याचा दिवस दिनदर्शिकेऐवजी हवामान पाहून ठरवावा. दिवसाचे तापमान चार-पाच अंशांच्या वर जाणार असेल, बर्फ पडून गेलेला असेल आणि रस्ते कोरडे झाले असतील, तो दिवस उत्तम. सकाळी उशिरा धुवावे, म्हणजे रात्र गोठण्यापूर्वी गाडी वाळते. असा दिवस मिळेचना, तर दहा-पंधरा दिवसांतून एकदा खालूनही फवारे मारणाऱ्या यांत्रिक धुलाई केंद्रात न्यावी. तेथे तेच पाणी गाळून पुन्हा वापरत असतील, तर निदान शेवटची धार ताज्या पाण्याची असते का, हे विचारून घ्यावे. इतरांच्या गाड्यांचे मीठ आपल्या गाडीच्या पोटात भरण्यात अर्थ नाही.

घरी धुताना सुरुवात खालून करावी. येथे पाण्याच्या जोरापेक्षा पाण्याचे प्रमाण महत्त्वाचे असते. बागेत पाणी शिंपडणारा फिरता फवारा गाडीखाली सरकवून दर काही मिनिटांनी त्याची जागा बदलत राहिल्यास महागड्या प्रेशर वॉशरइतकेच (जोराच्या धारेने धुणाऱ्या यंत्राइतकेच) काम होते. प्रेशर वॉशर वापरायचाच असेल, तर तो फुटभर अंतरावरून चालवावा आणि चाकांच्या बेअरिंगची सील, वायरींचे जोड व रेडिएटरच्या नाजूक पट्ट्या यांवर धार रोखू नये. मडगार्डच्या आतली कड बोटांनी चाचपून पाहावी, कारण तेथे चिखलाची लगदी साचते आणि ती स्पंजासारखी खारे पाणी धरून ठेवते.

दरवाजांच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी लहान छिद्रे असतात, याची अनेक मालकांना कल्पनाच नसते. काचेच्या रबरामागून आत उतरणारे पाणी तेथूनच बाहेर पडते. एकदा एका स्नेह्याच्या गाडीचा दरवाजा हलवताना आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला. प्लास्टिकची काडी छिद्रात घालून फिरवली, तशी काळ्या मातीची गुठळी सुटली आणि पेलाभर गढूळ पाणी भळकन बाहेर आले. दाराखालच्या पट्ट्यांनाही अशीच छिद्रे असतात. तीही काडीने मोकळी करावीत. धातूची तार वापरल्यास आतला रंग खरवडला जातो.

वरच्या भागाबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. आधी भरपूर पाण्याने रेती उतरवावी, मग गाडीच्या शाम्पूने धुवावे. भांडी घासण्याचा साबण रंगावरचे संरक्षक वॅक्स काढून टाकतो. गोठलेल्या काचेवर गरम पाणी मात्र कधीही ओतू नये, ती तडकू शकते. धुतल्यावर दरवाजांची रबरे, त्यांच्या बैठका आणि इंधनाच्या झाकणाची कड कोरड्या कापडाने पुसून रबरांना सिलिकॉनचा हात द्यावा, नाहीतर सकाळी दरवाजा ओढताना रबर फाटते. त्यानंतर गाडी थोडी चालवून काही वेळा ब्रेक दाबावेत, म्हणजे डिस्क वाळतात. त्या रात्री सपाट जागी गाडी गियरमध्ये उभी करून हँडब्रेक न ओढणे बरे, कारण ओला ब्रेक गोठून धरतो.

अंडरकोटिंगविषयी, म्हणजे गंज रोखण्यासाठी गाडीच्या खालच्या बाजूला द्यायच्या लेपाविषयी, आपण विचारले आहे. वाळून कडक होणारा रबरासारखा काळा थर मला पसंत नाही: त्याला तडा गेला की खारे पाणी आत शिरते, बाहेर पडत नाही आणि पत्रा झाकल्या जागी कुजतो. लॅनोलिन (मेंढीच्या लोकरीतला स्निग्ध पदार्थ), तेल किंवा मेण यांवर आधारित, न वाळणारा लेप दरवर्षी हिवाळ्यापूर्वी स्वच्छ आणि पूर्ण कोरड्या चासीवर, तसेच पोकळ भागांच्या आतून मारून घ्यावा. तो ओघळतो, हाताला लागतो, पण फटींमध्ये सरकत जाऊन काम करतो. विजेवर चालणारी, गंज थांबवण्याचा दावा करणारी छोटी यंत्रे घेऊ नयेत. विजेच्या प्रवाहाने गंज रोखण्याचे तत्त्व समुद्रातल्या जहाजांना आणि जमिनीखालच्या नळांना लागू पडते, कारण त्यांना सर्व बाजूंनी ओलसर माध्यम असते. हवेत उभ्या असलेल्या गाडीला ते नसते.

पायपुसण्या उचलून खालचा गालिचाही पाहावा. बुटांना चिकटून आलेला खारट बर्फ तेथे वितळतो आणि तळाचा पत्रा आतल्या बाजूने खातो, म्हणून हिवाळ्यापुरत्या उभ्या कडांच्या रबरी पायपुसण्या वापराव्यात.

दगड लागून रंग उडालेल्या ठिपक्यांवर हिवाळ्यात घाईने रंग लावू नये, कारण दहा अंशांखाली तो नीट वाळत नाही. ती जागा धुऊन, कोरडी करून, तिच्यावर तात्पुरते थोडे वॅक्स किंवा ग्रीस लावून ठेवावे. ऊब आली की ते पुसून, ठिपका पॉलिश पेपरने उजळ धातू दिसेपर्यंत घासावा, आणि मग प्रायमर व रंग लावावा.