मुलाला किडनी दिली, आता माझं कोण बघणार?

प्रश्न : मी 56 वर्षांची. दीड वर्षापूर्वी मुलाला किडनी दिली. तो ठणठणीत आहे. परवा सहज माझं रक्त तपासलं, तर क्रिएटिनिन 1.0 आलं. आधी 0.7 होतं. लॅबमधला मुलगा म्हणाला, वाढलंय. एकच किडनी उरलीय, म्हणून जीव घाबरा होतो. गुडघेही फार दुखतात. मेडिकलमधून गोळी आणून घेऊ का? घरात बोलले तर मुलाला अपराधी वाटेल.
– एक आई, बार्शी

उत्तर : मावशी, आधी तो आकडा. क्रिएटिनिन म्हणजे किडनी रक्तातून गाळून बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ. एक किडनी काढली की उरलेली हळूहळू जास्त काम अंगावर घेते, पण दोघींचं सगळं काम काही करत नाही. साधारण दोन तृतीयांश करते. त्यामुळे क्रिएटिनिन थोडं वर जाऊन तिथे थांबतं. कागदावरची मर्यादा दोन किडन्या असलेल्यांची असते. तुमचा आकडा ऑपरेशननंतरच्या आकड्यांशी ताडून बघायचा. तेव्हाही 1.0च्या आसपास असेल तर काळजी नको. दर खेपेला चढत असेल, तर लगेच दाखवा. 1954 साली बोस्टनमध्ये रोनाल्ड हेरिकने जुळ्या भावाला किडनी दिली. तो 79 वर्षं जगला, त्यातली 56 एकाच किडनीवर.

गुडघ्यांसाठी मात्र दुकानातून गोळी आणू नका. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन तुमच्यासाठी नाहीत. भस्मंही नकोत. पॅरासिटामॉल चालते, तीही डॉक्टरांनी सांगितली तेवढीच. दाताच्या डॉक्टरांकडे गेलात तरी आधी सांगा, मला एकच किडनी आहे.

आमच्या ओपीडीत रोज सकाळी तुमच्यासारख्या आया दिसतात. टॅक्रोलिमस म्हणजे नवी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून मुलाला दिलेली गोळी. तिची रक्तातली पातळी बघायची तर रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी रक्त द्यावं लागतं. मुलगा बाही वर करून बसलेला असतो आणि आई स्टीलच्या डबीत त्याची गोळी घेऊन शेजारी उभी असते. सुई निघाली की लगेच पाणी पुढे करते. मी विचारते, तुमचं बीपी शेवटचं कधी बघितलं? उत्तर ठरलेलं : "मला काय झालंय?" मुलाची फाईल दोन हातांनी उचलावी लागते आणि आईच्या फाईलमध्ये डिस्चार्ज कार्डानंतर एकही कागद नसतो. हे बघून मला फार वाईट वाटतं. देणाराही आमचाच पेशंट आहे. वर्षातून एकदा बीपी, वजन, साखर, क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन, एवढं व्हायलाच हवं. लघवीची तपासणी लोक हमखास सोडतात, पण बिघाड पुष्कळदा आधी तिथेच दिसतो.

मुलापासून लपवू नका. आईला तपासून घ्यायचंय हे कळलं तर तोच नंबर लावेल. पुढच्या तारखेला तुमचं डिस्चार्ज कार्ड आणि जुने रिपोर्ट पिशवीत टाका. त्याचं रक्त घेऊन झालं की त्याच खुर्चीत बसा आणि सिस्टरला सांगा, आता माझंही घ्या.