विषबाधा की मेलेल्या अळ्यांची प्रतिक्रिया?

प्रश्न : वॉर्बल माशीच्या (जिच्या अळ्या गुरांच्या शरीरात वाढून पाठीवर गाठी आणतात) अळ्यांवर उपाय म्हणून आम्ही गुरांच्या पाठीवर ऑरगॅनोफॉस्फेट गटातील आंतरप्रवाही कीटकनाशक वजनानुसार मोजून ओतले. दुसऱ्या दिवशी एका गाईचे पोट फुगले व लाळ गळू लागली, तर एका बैलाला मागच्या पायांवर उभे राहणे जड जाऊ लागले. ही विषबाधा समजावी काय? ॲट्रोपिन हे उताऱ्याचे औषध द्यावे काय?

उत्तर : आपण वर्णिलेली लक्षणे विषबाधेपेक्षा शरीरात मेलेल्या अळ्यांमुळे उद्भवलेली असण्याची शक्यता अधिक आहे, आणि हा फरक ठरल्याशिवाय ॲट्रोपिन देऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन.

ही औषधे कातडीतून रक्तात उतरतात आणि अळीप्रमाणेच जनावराच्या शरीरातीलही कोलिनेस्टरेज हे मज्जातंतूंचे संदेश आवरणारे विकर (एन्झाइम) निकामी करतात. मात्रा जास्त झाल्यास लाळ गळते, डोळ्यांतून पाणी येते, बाहुल्या बारीक होतात, शेण पातळ होते, स्नायू थरथरतात आणि श्वास घेणे कठीण होते. तेथे ॲट्रोपिन हाच उतारा असून तो विनाविलंब मिळायला हवा.

अळ्यांची गोष्ट वेगळी आहे. पाठीवर गाठी दिसण्यापूर्वी त्या कित्येक महिने शरीरातून सरकत असतात. त्या प्रवासात हायपोडर्मा लिनिएटम या जातीच्या अळ्या अन्ननलिकेच्या भिंतीत, तर हायपोडर्मा बोव्हिसच्या अळ्या पाठीच्या कण्याच्या पोकळीत काही काळ राहतात. नेमक्या त्याच वेळी औषध पोहोचले, की मेलेल्या अळ्यांभोवती सूज येते. अन्ननलिका सुजल्याने ढेकर निघत नाही, लाळही गिळता येत नाही (विषबाधेचा भास होतो तो यामुळेच) आणि पोट फुगते. मज्जारज्जूवर दाब आल्यास मागचे पाय लुळे पडतात. अशा जनावराला ॲट्रोपिन दिल्यास पोटाची हालचाल मंदावून फुगी वाढते, आणि वायू काढण्यासाठी जोर लावून नळी घातल्यास सुजलेली अन्ननलिका फाटू शकते. सूज उतरवण्याचे औषध पशुवैद्यांकडूनच द्यावे. बहुतेक जनावरे दोन-तीन दिवसांत सावरतात. फुगी वाढत असेल, तर मात्र पशुवैद्यांना तातडीने बोलवावे.

पुढील वेळी माश्यांचा हंगाम संपताच, अळ्या लहान असतानाच औषध द्यावे आणि पाठीवर गाठी दिसण्याच्या अपेक्षित वेळेआधीचे ८ ते १२ आठवडे ते टाळावे. आयव्हरमेक्टिन वेगळ्या गटातील असले, तरी तेही अळ्यांना त्याच जागी मारत असल्यामुळे त्यालाही हेच वेळापत्रक लागू पडते.