सेल मोठा लावलास, पण करंट जातो कुठे?

प्रश्न: मी पुण्यात ई अँड टीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकॉम) तिसऱ्या वर्षाला आहे. बार्शीला मामाच्या शेतात मातीचा ओलावा मोजणारं यंत्र बसवलं. ईएसपी-३२ हा वाय-फायवाला छोटा कंट्रोलर बोर्ड आणि २६०० एमएएचचा (मिलिअँपिअर-तास) एक लिथियम सेल. दर अर्ध्या तासाला जागं होऊन वाय-फायवर रीडिंग पाठवतं, एरवी डीप स्लीपमध्ये, म्हणजे जवळजवळ बंद असतं. सेल पंधरा दिवसांत उतरला, म्हणून आणखी एक समांतर जोडला. मला बॅटरी आणि पॉवर मॅनेजमेंटमध्येच काम करायचंय. घरचे म्हणतात, त्यात भविष्य नाही, जावा शिक. काय करू?

उत्तर: घरच्यांकडे नंतर येतो. आधी तुझा सेल.

पंधरा दिवस म्हणजे ३६० तास. २६०० ला ३६० ने भाग. सरासरी ७ मिलिअँपिअर. डीप स्लीपमध्ये नुसती चिप १० मायक्रोअँपिअरच्या आसपास घेते; मायक्रो म्हणजे मिलीचा हजारावा भाग. मग बाकीचा करंट खातंय कोण? बोर्ड हातात घेऊन बघ. लाल एलईडी रात्रंदिवस जळतोय. यूएसबीची चिप झोपतच नाही. आणि स्वस्त बोर्डांवर सर्रास असतो तो एएमएस-१११७ रेग्युलेटर (सेलचं व्होल्टेज उतरवून स्थिर ठेवणारा भाग) तुझ्याही बोर्डावर असेल, तर तो काही काम नसताना एकटाच पाचेक मिलिअँपिअर गिळतो. शिवाय त्याला आउटपुटपेक्षा व्होल्टभर जास्त इनपुट लागतं. चिपला ३.३ व्होल्ट हवेत तर आत ४.३ द्यायला हवेत, आणि लिथियम सेल काठोकाठ भरला तरी ४.२. वाय-फाय सुरू होताना बोर्ड मध्येच रीसेट होत असेल, तर पहिला संशय यावरच घे.

दुसरा सेल लावून तू पंधराचे तीस दिवस केलेस. एलईडी काढून, मायक्रोअँपिअरमध्ये भागवणारा रेग्युलेटर लावलास तर तोच एक सेल काही महिने जाईल. या फरकासाठीच कंपन्या माणसं ठेवतात.

चार्जिंगची बाजूही अशीच. हंडा गळ्याशी आला की आपण नळ बारीक करतो. चार्जर तेच करतो. आधी ठरावीक करंट, ४.२ व्होल्टला पोचलं की व्होल्टेज धरून ठेवायचं आणि करंट उतरू द्यायचा. पुस्तकात हे एका पानात संपतं. भोसरीत मी चार्जरच्या बोर्डांवर काम करायचो तेव्हा एका बॅचमध्ये तापमान ओळखणारा थर्मिस्टर सेलला न चिकटवता बोर्डावरच बसवला होता. सेल तापतोय याचा चार्जरला पत्ताच नाही! फुगलेले पॅक परत आले तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं.

आता घरचे. ते अगदीच चुकत नाहीत. या क्षेत्रात जागा कमी असतात आणि माझ्या पाहण्यात सुरुवातीचा पगार बहुधा सॉफ्टवेअरपेक्षा कमीच. पण कोडिंग सुटत नाही, हे त्यांना सांग. लिनक्सवर चालणाऱ्या यंत्रात बॅटरीचे टक्के दिसतात ते सी भाषेत लिहिलेल्या ड्रायव्हरमधून येतात. जावाचं नंतर बघू. सी, आयटूसी (चिप्सनी आपसात बोलायची पद्धत) आणि डेटाशीट, म्हणजे चिपचं माहितीपत्रक, वाचणं आधी पक्कं कर. पुण्यात राहून हे क्षेत्र निवडणं वेडेपणाही नाही. २०२२ मध्ये इलेक्ट्रिक स्कूटरना आगी लागल्या, त्यानंतर बॅटरीसाठीचं एआयएस-१५६ हे मानक कडक झालं. अशा चाचण्या करणारी एआरएआय ही वाहनं तपासणारी संस्था कोथरूडच्या टेकडीवर आहे. डिग्रीनंतर सी-डॅक या सरकारी संस्थेचा एम्बेडेडचा (यंत्रातल्या चिपसाठी प्रोग्रॅम लिहिण्याचा) सहाएक महिन्यांचा डिप्लोमाही आहे, सी-कॅट ही प्रवेश परीक्षा देऊन मिळतो. पण आत्ताच त्याच्या मागे लागू नकोस.

आधी झोपेतला करंट मोजून मला कळव. मीटर सेलच्या सिरीजमध्ये लाव. मायक्रोअँपिअरच्या रेंजवर असताना वाय-फाय चालू होऊ देऊ नकोस. बोर्ड रीसेट होईल, नाहीतर मीटरचा फ्यूज जाईल. गेलाच तर तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतो. रेटिंग मात्र नेमकं सांगून घे, दुकानदार ‘कोणताही चालेल’ म्हणाला तरी.