दुसऱ्या गाडीचे इंजिन बसवलेल्या जुन्या येझदीची नोंदणी

वडिलांच्या १९८६च्या येझदी मोटारसायकलला दुसऱ्या गाडीचे इंजिन बसवून ती पुन्हा रस्त्यावर आणता येईल का, या आपल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. मात्र पाना हाती घेण्यापूर्वी कागदपत्रे तपासावीत. म्हैसूरच्या कारखान्यातील येझदीचे उत्पादन १९९६ मध्ये थांबल्यामुळे टाकी, चाके, कार्ब्युरेटर जुन्या बाजारातूनच घ्यावे लागतील आणि त्याने नोंदणीला बाध येत नाही. इंजिनाचे तसे नाही. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ नुसार आरटीओची मान्यता घेऊन इंजिनाचा नवा क्रमांक आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) चढवावा लागतो, म्हणून विक्रेत्याकडून पक्के बिल आणि मूळ गाडीच्या आरसीची प्रत घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. क्रमांक घासून पुन्हा ठोकलेले इंजिन फुकट मिळाले तरी नको.

सांगाडा रंगवायला देताना चेसिस क्रमांकावर चिकटपट्टी लावून घ्यावी. पावडर कोटिंगचा जाड थर अक्षरांत भरला, की तपासणीच्या वेळी पेन्सिलने घेतलेली छाप नीट उमटत नाही. नोंदणीची १५ वर्षांची मुदत केव्हाच संपलेली असल्याने नमुना २५ भरून नूतनीकरण करावे लागेल, त्यासोबत विमा, पीयूसी व पर्यावरण कर आलाच, आणि मिळणारी मुदत ५ वर्षांची असेल. कोणी ‘विंटेज’ नोंदणी सुचवली तर तो विचार तूर्त सोडावा, कारण २०२१च्या नियमांनुसार त्यासाठी गाडी किमान ५० वर्षे जुनी आणि मूळ स्वरूपातली लागते, शिवाय ती रोजच्या वापरात ठेवता येत नाही.