प्रोटीन पावडरच्या डब्याशिवाय शरीर बनतच नाही का?

बनतं, भाऊ. तुम्ही लिहिलंय की वजन ६० किलो आहे, दिवसभर शेतात राबूनही अंग भरत नाही आणि तालुक्याच्या जिममधला ट्रेनर तीन हजारांचा डबा घ्यायला लावतोय. सोयाबीनच्या पैशातून तो घेण्याआधी हे वाचा. मी अमरावती जिल्ह्यात भरतीच्या पोरांकडून व्यायाम करून घेतो, हा प्रश्न मला सारखा येतो.

शेतातल्या कामानं दम वाढतो, पण कापसाचं गाठोडं आणि फवारणीचा पंप यांचं वजन वर्षानुवर्षं तेच राहतं. शरीर तेवढ्यापुरतं तयार होतं आणि थांबतं. स्नायू वाढवायचा तर वजन किंवा मारलेल्या रेपा (एका दमात ते किती वेळा उचललं) हळूहळू वाढत गेल्या पाहिजेत. वहीत लिहून ठेवा. मागच्या महिन्याइतकंच वजन आज उचलत असाल, तर डबा काय करणार?

२०१८ साली ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये ४९ प्रयोगांचा एकत्रित अभ्यास आला, त्यात १,८६३ लोक होते. व्यायामानं चरबी सोडून जे वजन वाढलं ते सरासरी किलोभर; वरून प्रोटीन दिल्यानं त्यात सुमारे ३०० ग्रॅमची भर पडली. रोज अंगाच्या वजनाच्या किलोमागे साधारण १.६ ग्रॅमच्या पुढे प्रोटीन घेऊन जास्तीचा फायदा दिसला नाही.

म्हणजे तुम्हाला ९५ ग्रॅमच्या आसपास. ज्वारीच्या चार भाकरी आणि दोन वेळचं घट्ट वरण मिळून चाळीसेक होतात. ज्वारीत लायसिन (प्रोटीनचा एक गरजेचा घटक) कमी असतं, ते तुरीच्या डाळीतून येतं, म्हणून वरण पातळ करू नका. अर्धा लिटर दूध १६, दोन अंडी १२. उरलेलं पंचवीसेक ग्रॅम प्रोटीन पन्नास ग्रॅम सोयावडीतून निघतं, तिच्यात शंभराला पन्नासेक ग्रॅम प्रोटीन असतं. तेल काढून उरलेल्या सोयाबीनच्या पिठाचीच ती वडी. आपलंच पीक आपल्या ताटात येत नाही याचं मला फार वाईट वाटतं. अंडी चालत नसतील तर फुटाणे आणि शेंगदाणे वाढवा.

पोटभर खाणंही तितकंच लागतं. राबणाऱ्या माणसानं भाकरी कमी केली, तर खाल्लेलं प्रोटीन ताकदीसाठीच जळतं. रब्बीत रात्रीच्या लाईटवर ओलित असेल तर दुसऱ्या दिवशी झोप काढा, जिम बुडाली तरी चालेल.

पावडर म्हणजे विष नाही. ताटातून हिशोब जमतच नसेल तर घ्या, पण पक्क्या बिलावर, एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा) १४ आकडी परवाना क्रमांक पाहून. किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि त्याच ट्रेनरनं उद्या अंग फुगवायच्या स्टेरॉइड इंजेक्शनचं नाव काढलं, तर ती जिम सोडा.